डोक्यावर चार बोटं

आवाज तसा मोठा नव्हता. बाजारात कलिंगड घेण्याआधी टिचकी मारून बघतात ना, तेवढाच. पण जयाच्या तो आधी पोटात वाजला आणि मग कानांत. पाहुणा पायरीवर उभा होता, एका हातात बॅग, मान वळवून मागे बायकोला पाण्यावरचा कुठलासा पक्षी दाखवत, आणि तसाच वर चढायला गेला होता. आता त्याचं कपाळ चौकटीच्या वरच्या आडव्या गणेशपट्टीला टेकलेलं होतं, देवापुढे टेकवावं तसं. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्याने बॅग खाली ठेवली, अगदी सावकाश, जणू बॅगेलाच लागलंय, आणि ओट्यावर बसून हसायला लागला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "शाळेत असल्यापासून हेच. बसमध्ये, जिन्यात, सगळीकडे." त्याची बायकोही हसली. "उंटासारखा चालतोस, मग काय होणार!" जया हळद घेऊन धावली. रक्त फारसं नव्हतं. भुवईच्या वर एक चीर, आणि भोवती लिंबाएवढं टेंगूळ बघता बघता वर येत होतं. तो पाणी प्यायला, तांब्या परत दिला, समोर पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे हो जागा. कोणाचं घर हे?" "तुमचंच समजा," जया म्हणाली. हे वाक्य तिला मुलीने, भाविकाने, शिकवलं होतं. पाहुण्यांशी असं बोलायचं असतं म्हणे. त्याने समाधानाने मान हलवली. जया हळदीचे हात पुसते न पुसते तोच त्याने पुन्हा वर पाहिलं आणि त्याच सुरात, 'हो'सुद्धा तिथेच लावून विचारलं, "छान आहे हो जागा. कोणाचं घर हे?" बायकोला वाटलं, गंमत करतोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचं हसू ओठांवर राहिलं, पण ती त्यातून निघून गेली होती.

जयाने दाराकडे पाहिलं. आंब्याच्या पानांचं तोरण अजून हलत होतं. तिनेच ते सकाळी बांधलं होतं, पहिले परके पाहुणे येणार म्हणून. त्याआधी भाविकाच्या मैत्रिणी येऊन गेल्या होत्या. पण त्या मोबाईलमध्ये माना घालूनच आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या, दार किती उंच आहे हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. आज मात्र खरे, पैसे देऊन राहायला आलेले पाहुणे. जयाने पानं निवडून घेतली, एकाला लागून एक, दाट, मध्ये झेंडूसुद्धा कमी घातले. तोरण बांधताना स्टूल लागलं नाही याचं तिला एवढं सुख झालं की बांधून झाल्यावरही ती उगाच गाठी चाचपत उभी राहिली होती. आणि आता तिला स्वच्छ दिसत होतं की त्या पानांमागचं लाकूड अजिबात दिसत नाही. शहरातल्या माणसाला पानं म्हणजे बाजूला होणारी वस्तू. तो पानांत निर्धास्त डोकं घालणारच. म्हणजे लाकूड होतं ते होतंच, वर तिने त्याला सजवून झाकून ठेवलं होतं. उंदराच्या पिंजऱ्यात भजं लावतात तसं. हा विचार आला तसा तिने झटक्यात तो बाजूला केला, पण त्या भज्याचा वास काही जाईना.

या जागेला बेट म्हणायचं ते भाविकाने, मोबाईलवरच्या जाहिरातीत. बाकी सगळे टेपाड म्हणत. धरण झालं तेव्हा जयाच्या माहेरचं गाव पाण्याखाली गेलं; भावांनी मोबदला आणि बदलीची जमीन वाटून घेतली, आणि वर उरलेलं हे टेपाड, जिथे कुळीथसुद्धा रडतखडत यायचा, बहिणीच्या नावावर करून दिलं, साडीचोळी केल्यासारखं. पावसाळ्यात पाणी चढलं की त्याचं बेट होई, होळीच्या आसपास उतरलं की गाळातून चालत जाता येई. "अर्ध्या वर्षाचं बेट," तिचा नवरा शाम म्हणाला होता, "म्हणजे अर्धवटच की. शोभतंय तुला." आत्ता मार्गशीर्ष होता. चहूकडे पाणी, तापलेल्या पत्र्यासारखं चमकणारं, आणि होडी एकच. ती घेऊन देवजी मिस्त्री पलीकडे कौलं आणायला गेला होता. पाहुण्यांना इकडे सोडून, चहाही न घेता. टेपाडावर मोबाईलला रेंज नव्हती; वरच्या खडकावर चढून हात लांब केला तर कधी येई, कधी नाही. पाहुण्याची बायको तिथे जाऊन मोबाईल बंद करत परत आली. तिसऱ्या खोलीच्या कारवीच्या काटक्यांच्या कुडाला माती लिंपत होती देवजीची बायको जनी. तिने आवाज ऐकलाच होता. हात गवताला पुसून ती पाण्याच्या काठाला गेली, तोंडाभोवती हात धरले आणि रानातली माणसं एकमेकांना घालतात तशी हाळी घातली. "कूऽऽऽक!" हाळी पाण्यावरून गेली, समोरच्या डोंगराला लागली, थोडी उरलीसुरली परत आली.

"देवजीने ऐकलं असेल का गं?" जयाने विचारलं.

"वारा तिकडून हाये, बाय. पोचंल तवा पोचंल." जनीने पाहुण्याकडे लांबूनच निरखून पाहिलं. "त्याला निजू नको देऊ."

निजू नको देऊ. जया त्याच्या शेजारी ओट्यावर बसली, ओलं फडकं टेंगळावर धरून. परक्या पुरुषाच्या इतक्या जवळ ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. त्याच्या केसांना शाम्पूचा वास येत होता आणि त्याखाली घामाचा, भ्यालेल्या माणसाचा. तो भ्याला होता का? चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पाटी पुसल्यासारखा चेहरा. तिने त्याला काय काय विचारलं: मुलं किती, घर कुठे, चहात साखर किती. तो सगळ्याची उत्तरं देई, नीट, शहाण्यासारखी. आणि मग जणू आत कुठेतरी गाडी त्याच स्टेशनात यावी तसा म्हणे, "कोणाचं घर हे?" आता 'तुमचंच समजा' म्हणायला तिची जीभ उचलेना. ती म्हणाली, "पाणी घेता?"

कोणाचं घर. या प्रश्नाचं उत्तर देवजीनेही मागितलं होतं. आधी तिने शहापूरचा एक ठेकेदार आणून जागा दाखवली होती. तो गाळात बूट रुतवत आला, म्हणाला, चार खोके उभे करून देतो, पण सिमेंट होडीतून नेणार नाही, भिजलं तर होडीचाच चौथरा होईल. देवजीने मात्र टेपाडाला एक चक्कर मारली, माती चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला. "माती हितं, दगूड हितं, कारवी त्या डोंगरावं. तुमी फकस्त चाय द्या," तो म्हणाला. कामाला लागला तेव्हा घर बांधतोय असं वाटेचना. घरट्यासारखं काहीतरी हळूहळू जमत चाललं होतं. मग चौकटींचं लाकूड कापायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "धनी कवा येनार?"

"कशाला?"

"माप घ्याया नको?" त्याला तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. दाराचं माप धन्यावरून घेतात हे वाशिंदच्या ब्लॉकात राहणाऱ्या बाईला ठाऊक नसणार, हे त्याने समजून घेतलं. "धन्याच्या डोक्यावं चार बोटं. त्याच्या वर दार गेलं तं घर परक्याचं. त्याच्या खाली आलं तं धनी रोज वाकतो. वाकून वाकूनच संपतो."

"जागा माझ्या नावावर आहे, देवजीदादा."

देवजी थांबला. बाईचं माप त्याने कधी घेतलं नव्हतं. बापाने घेतलेलं ऐकलं नव्हतं. त्याने जनीकडे पाहिलं. जनी तंबाखू मळत होती. "मंग उभी राहंल ती," ती म्हणाली. "बायला काय डोकं नसतं?"

जया मेढीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली होती. चपला काढायला लावल्या. देवजीने वेळूची काठी तिच्या शेजारी उभी धरली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाचा नव्हे, कामाचा; खरबरीत, मातीने वाळलेला, केस जरासे दाबून टाळू कुठे आहे ते शोधणारा. मग त्याच्यावर चार बोटं, आणि कोळशाची खूण. एवढंच. पण काठी बाजूला झाल्यावर तिला क्षणभर हलता येईना. लहानपणापासून बुटकी म्हणून ती माणसांच्या खांद्यामागे वाढली. लग्नाचे फोटो काढताना तिला विटेवर उभं केलं होतं. वाशिंदच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा सासूच्या उंचीचा. जयाने त्याच्यासमोर पाट ठेवला आणि उभा संसार पाटावर उभं राहून केला, पाहुणे हसत, आमची जया लग्नाला बसल्यासारखी स्वयंपाकाला उभी राहते. दाराची वरची कडी शामच्या हाताची. तो रात्रपाळीला असला की ती खालची कडी लावून झोपे आणि वरच्या उघड्या कडीकडे बघत राही. तिच्या मापाचं जगात काही असू शकतं हे तिला सुचलंच नव्हतं. आणि आता एका काठीवर तिची उंची लिहिलेली होती, आणि त्या काठीवरून तीन खोल्यांच्या तीन चौकटी कापल्या गेल्या. त्या तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की या खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. जया बुटकी, जनी बुटकी, आणि देवजी तर जयाहूनही बोटभर कमीच. तिघांच्या डोळ्यांना दार दारासारखंच दिसलं.

दिसलं नाही ते शामला. चौकटी बसल्यावर तो पहिल्यांदा आला, तेव्हा दारासमोर उभा राहून त्याने आधी दाराकडे, मग जयाकडे पाहिलं. "कोंबड्या ठेवणार आहेस का?" असं विचारून तो दुमडून आत गेला, आत ताठ झाला, पुन्हा दुमडून बाहेर आला. "काप हे. आत्ता माती ओली आहे तोवर काप." त्याचं बरोबर होतं. तो नेहमी बरोबरच असे, हीच तर त्याच्याबरोबर राहण्यातली अडचण. "देवळात नाही का वाकत माणसं?" जया म्हणाली होती. "वाकतील." देवजी-जनीसमोर म्हणाली होती. जनी फिसकन हसली, शामचे कान लाल झाले, आणि जयाला तो विजय किती दिवस पुरला! रात्री वाशिंदला पाटावर उभी राहून भाकऱ्या थापताना ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा चघळी. आणि बोलणं खरं करायला देव एक माणूस पाठवतो, तो हा असा. वाकला नाही. का वाकेल? देऊळ आहे थोडंच.

त्याला ओकारी झाली ती अचानक. जयाने फडकं टाकून त्याचं डोकं धरलं, जनीने राख आणली. ओकून झाल्यावर तो लहान मुलासारखा तिच्या खांद्याला टेकला, आणि त्याचे डोळे मिटायला लागले. "अहो, अहो, सर, उठा," ती म्हणाली. "हे बघा, तो पक्षी बघा, कोणता हो तो?" पक्षी केव्हाच उडून गेला होता. जनी काठावर उभी राहून हाळी घालत होती. तिचा आवाज आता फाटायला लागला होता. पाहुण्याची बायको समोर मातीतच बसली. उंची साडी होती, बेटावर जायचं म्हणून नेसलेली. ती नवऱ्याकडे बघत होती आणि बोलली मात्र जयाशी.

"तुम्हाला माहीत होतं ना? दार कमी आहे ते?"

रागावून म्हणाली असती तर बरं होतं. जयाच्या डोक्यात उत्तरांची रांग उभी राहिली: मिस्त्री जुन्या वळणाचा, इकडे अशीच दारं असतात, पायरीमुळे झालं, बोलता बोलता झालं. एकेक उत्तर पुढे येई आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघून मागे फिरे. खांद्यावरचं डोकं जड होत चाललं होतं, त्याचा श्वास गरम गरम गळ्याला लागत होता.

"होय," जया म्हणाली. "माहीत होतं."

त्या बाईने मान हलवली. जणू तिला फक्त वेळ विचारायची होती.

होडी दिसली तेव्हा आधी कोणाला खरंच वाटलं नाही. देवजी कौलं तिकडेच टाकून रिकामी होडी वल्हवत आला होता. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि होडी काठाला ओढून घेतली. देवजी आणि जनीने धरून पाहुण्याला होडीत आडवं केलं. जया चढायला पुढे झाली तशी ती बाई म्हणाली, "तुम्ही नका येऊ." आवाज न चढवता, पाया पडू नका म्हणावं तशी. जयाने होडीच्या काठावरचा पाय काढून घेतला. पाण्यात तो पाय भिजला होता, बराच वेळ तिने तो पुसला नाही. होडी लहान होत गेली, पलीकडच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज एवढ्या लांबून आला, आणि मग टेपाडाला चारी बाजूंनी नुसतं पाणी. वरच्या खडकावर हात लांब करून उभी राहिली तेव्हा भाविकाचा आवाज तुटक तुटक आला. शहापूरच्या दवाखान्यात नेलंय, डोक्याचा फोटो काढायला पुढे पाठवतायत, बाबा निघालेत तिकडे. "आई, तू काही..." आणि रेंज गेली. तू काही काय? तू काही काळजी करू नकोस, की तू काही ऐकत नाहीस? जनीने भात शिजवला. जयाने तो चिवडला. तिला सारखं वाटत होतं, तो माणूस आत्ता कुठल्यातरी पांढऱ्या पलंगावर पडून नर्सला विचारत असेल, कोणाचं घर हे. आणि समजा तो आयुष्यभर तेच विचारत राहिला तर? सकाळी दाढी करताना, लेकीच्या लग्नात. तिच्या डोक्यावर चार बोटं अंतर असलेल्या एका लाकडाने एका माणसाचं उरलेलं आयुष्य तिथेच अडकवून टाकलं असेल तर? ती उठली आणि तोरण सोडून काढलं. त्यामागे लाकडावर काही डाग नव्हता. लाकूड अगदी कोरं होतं, काही घडलंच नाही असं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर देवजीच्या होडीतून शाम आला. हातात चहाचा थर्मास आणि जयाचा स्वेटर. दाढी वाढलेली, डोळे लाल. रात्रभर त्या दवाखान्याच्या बाकावर बसून होता, ओळख ना पाळख अशा माणसांच्या सोबत. "पहाटे बायकोला नावाने हाक मारली त्याने," तो आल्या आल्या म्हणाला, जया काही विचारायच्या आत. "फोटो चांगला आलाय. दोन दिवस ठेवून घेणार, मग घरी. काल काय झालं ते आठवत नाही म्हणतो. बेटावर गेलो होतो हेसुद्धा नाही." तो हसला. "म्हणजे तुझी जाहिरात फुकट गेली." जयाला रडू आलं ते त्या विनोदावर. शामने स्वेटर तिच्या खांद्यावर टाकला, थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला, आणि ती पिऊन होईपर्यंत थांबला. तो इतका चांगला वागत होता की तिला आता काय येणार ते कळलं.

"देवजी," शाम उठत म्हणाला, "तिन्ही दारं कापायची. आजच. वर कूड आहे ना, जागा आहे ना?"

"जागा हाये. पट्टी काढायची, वर सारायची."

"मग घे माप." आणि शाम चपला काढून पहिल्या दारात उभा राहिला. वाकून नव्हे, बाहेरच्या बाजूला, चौकटीला पाठ लावून, फोटोला राहावं तसा. त्याचं डोकं गणेशपट्टीच्या बरंच वर होतं. त्यात काही मिजास नव्हती. तो मदत करत होता. देवजीने कुडात खोचलेली काठी काढली, दोन पावलं गेला, आणि मध्येच थांबून जयाकडे बघायला लागला.

सगळेच तिच्याकडे बघायला लागले. जनी मातीच्या घमेल्याशी वाकली होती ती तशीच. जयाला वाटलं, आता 'घे' म्हणावं आणि संपवावं. कालच्या त्या डोक्याचं वजन अजून खांद्यावर होतं. दारं उंच झालीच पाहिजेत, यात बोलायला जागाच नव्हती; पुन्हा तो आवाज तिला या जन्मात ऐकायचा नव्हता. आणि शाम रात्रभर बाकावर बसला होता. एवढं केलं त्याने, एक माप दिलं तर काय बिघडतं? फक्त एक काठी. मग उद्यापासून ती पाहुण्यांना 'या' म्हणून आत नेईल, शामच्या डोक्यावर चार बोटं अशा दारांतून. दारं चांगली होतील. वाशिंदच्या ओट्यासारखीच चांगली. तिच्या तळपायांना पाटाचं लाकूड जाणवलं, इथे मातीवर उभी असताना.

"अहो," ती म्हणाली. "अहो, जरा बाजूला व्हा."

"का?"

"व्हा ना."

शाम बाजूला झाला. जया दाराशी गेली, पाठ लावून उभी राहिली, टाचा मातीत रुतवल्या, आणि उजवा हात सरळ वर केला. पूर्ण, बोटांच्या टोकांपर्यंत. स्वेटर खांद्यावरून घसरून खाली पडला.

"आता घ्या, देवजीदादा. हातावर चार बोटं."

देवजी गोंधळला. "हात वर करून माप घेत नाय, बाय. तशी रीत नाय."

"काल माझ्या रीतीने एक माणूस मरत होता," जया म्हणाली. "घ्या."

"आनि रीत मोडली तं रानातला वाघ येऊन खानार हाये का तुला?" जनी घमेल्यावरून ओरडली. "घे की! बायचा हात दुखंल."

देवजी पुढे आला. काठी उभी केली, टाचा उचलल्या, एक हात काठीला, दुसऱ्याने कोळसा चाचपू लागला, पण तिच्या बोटांच्या वर आणखी चार बोटं धरायला त्याचा हात काही केल्या पुरेना. त्याने एकदा उडीसुद्धा मारून पाहिली. जनी हसत सुटली. जया हसली नाही. वर केलेल्या हातातलं रक्त खाली उतरत होतं, बोटं बधिर व्हायला लागली होती, खांद्याच्या जुन्या दुखण्यात कोणीतरी सुई फिरवत होतं, आणि ती शामकडे बघत नव्हती. तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं, किंवा माहीत नव्हतं. गेल्या तीस वर्षांत हा माणूस तिला इतका कमी ठाऊक आहे असं कधी वाटलं नव्हतं.

पावलं वाजली. शामने देवजीच्या हातातला कोळसा काढून घेतला. तो तिच्या इतका जवळ उभा राहिला की त्याच्या शर्टाचा दवाखान्याचा वास तिला आला. त्याने आपली चार बोटं तिच्या बोटांच्या टोकांवर आडवी ठेवली, दाबून, नीट.

"हलू नकोस," तो म्हणाला, आणि खूण केली.